पासिंगच्या आधीचं डांबर

माझ्या सुनेकडं ऑटो आहे, काळा-पिवळा. घेतला माझ्या मुलानं, पण तो नागपूरकडं कंपनीत लागला आणि ऑटो आमच्या अंगणात उभा राहिला. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. एक दिवस सून मला म्हणाली, "आत्याबाई, मी चालवू का?" मी म्हटलं, "चालव ना बापा, मले कायले विचारतं? कोंबड्यायले विचार."

आमचं गाव पुनर्वसनाचं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. नव्या गावात सावलीला झाड नाही, विहिरीचं पाणी जड, बायकांना एकमेकींची घरं सापडायला वर्षं गेली, पण रस्ते मात्र असे रुंद आणि सरळ की विचारू नका. त्याच रिकाम्या रस्त्यांवर सून ऑटो शिकली. सकाळी मी अंगण झाडत असायची आणि ती घरावरून गोल गोल जायची, मान ताठ, ओठ दाताखाली. दर फेरीला मला वाटे, आता ही थांबेल. थांबायचं तिला तेवढं जमत नव्हतं.

मग ती शाळेची मुलं नेऊ लागली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा मोठ्या गावाला, आणि एस.टी. कधी येते कधी नाही. मुलग्यांचं एक असतं, ते सायकल काढतात. मुलींच्या आया मला येऊन सांगायच्या, "तुमची सून नेते म्हनून पाठवतो, माय. नाईतर घरीच बसवली असती." हे मी का सांगते, तर त्या वर्षी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्या गाडीवाल्यांना बोलावून सांगितलं होतं की शाळा उघडेल त्या दिवशी गाडीचं पासिंग दाखवा. ज्याचं पासिंग नाही त्याच्या गाडीत एकही मूल बसणार नाही. आणि सुनेच्या ऑटोचं पासिंग शाळा उघडायच्या आधीच संपत होतं.

पासिंग म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं. गाडी रस्त्यावर चालायच्या लायक आहे असं सरकार तपासून लिहून देतं, ते पासिंग. भाड्याची गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी न्यायची, त्यानंतर दरवर्षी. आमचा ऑटो आठच्या पुढं गेलेला. याआधी मुलगाच सगळं करून आणायचा, त्यामुळं सुनेला गाडी चालवणं ठाऊक, गाडी तपासून घेणं ठाऊक नाही.

कुठं न्यायची, यावर आमच्या ओट्यावर दोन संध्याकाळी सभा भरली. शेजारचा जीपवाला म्हणे, "लाखनीले आरटीओचा कॅम्प असते, तिकडं जा, गर्दी नाई रायत." त्याचा भाऊ म्हणे, "लाखनी नाई, साकोली." तिसरा म्हणे, "अरे पवनीले येते ना साहेब, बाजाराच्या दिवशी." शेवटी सून पवनीला कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. तिथली बाई चष्मा वर सरकवून म्हणाली, "ताई, ऐकीव गोष्टींवर गाडी घेऊन निघू नका. तारीख आधी इथून घ्यायची. जिथली तारीख, तिथंच जायचं. कॅम्पची तारीख शाळा उघडल्यावरची आहे. भंडाऱ्याला एकच जागा शिल्लक आहे, घेऊ का?" सून म्हणाली, "घ्या, घ्या, लवकर घ्या." तशी ती तारीख मिळाली. ती चुकली तर पुढची शाळा उघडल्यावरच.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. आता आमच्या बुढ्याचं सांगते.

बुढा म्हणजे माझे मालक. आम्ही नदीकाठचे ढिवर लोक. जुन्या गावात यांचा डोंगा होता. मासे धरायचे, आणि पलीकडच्या काठावर माणसं पोचवायचे. नव्या गावात नदी नाही. धरणात मासेमारी चालते, पण ते पाणी मोठं, जाळी मोठी, आणि यांचे गुडघे गेलेले. डोंगा तिथंच काठावर राहिला आणि सडला. तेव्हापासून हे दारासमोर बाज टाकून बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "कुठं चालला?" उत्तर ऐकायच्या आत पुन्हा रस्त्याकडं बघायचे. मी म्हणायची, "जरा सरपन फोडा, जरा कुंपन बांधा." हे म्हणत, "हो." आणि बसत.

सून माहेरी लग्नाला दोन दिवस गेली होती. ऑटो अंगणात. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, तर हे ऑटोपाशी खाली वाकून बघताना दिसले. बराच वेळ वाकलेले. मला वाटलं, कंबर धरली.

"काय झालं?"

"बुढे, याचं पोट गंजून राहिलं."

"मंग?"

"मंग काय? तपासाले नेऊन राहिले ना? असं पोट घेऊन जाईन का कोनी?"

आमच्या लोकांत रीत अशी की दरसाल पावसाळ्याआधी डोंगा उलटा करायचा, वाळवायचा आणि त्याच्या पोटाला डांबर मारायचं. डांबर मारलेला डोंगा पाहून माणसं निर्धास्त बसतात. ज्याच्या डोंग्याचं पोट पांढरं, त्याच्याकडं पोरगी द्यायलाही लोक मागंपुढं पाहत. यांनी रस्त्याच्या कामावरून उरलेला डांबराचा डबा कुठूनसा आणला. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. पळसाची मुळी ठेचून कुंचा केला, जसा ते पूर्वी करत तसाच. दोन जुने सोबती बोलावले, खाली पोती अंथरली आणि तिघांनी मिळून ऑटो कुशीवर निजवला. मी ओरडले, "अहो, काच फुटंल!" तर एक सोबती म्हणाला, "वहिनी, आमी भरल्या नदीत डोंगे पलटवले, हा तर सुक्यावर हाय."

किती दिवसांनी ह्यांना असं बघत होते मी. लुंगी वर खोचलेली, कपाळावर काळा ठिपका लागलेला, कुंचा सपासप चाललेला. एक कोपरा सोडला नाही. खोबणीत बोटानं डांबर भरलं. मध्येच गुणगुणत होते. मी चहा केला, तर म्हणाले, "ठेव, हात रिकामा नाई." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून नव्या गावात पहिल्यांदा ऐकलं. चहा निवला तरी मी तो उचलला नाही.

सून आली, वाकून पाहिलं. काळंभोर, चकचकीत पोट. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सून त्यांच्यासमोर जास्त बोलत नाही. तिनं पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "आत्याबाई, मामाजींना म्हना, लय छान झालं." हे चार हातांवरच बसले होते. मी म्हटलं, "ऐकलं का?" हे म्हणाले, "ऐकलं."

भंडाऱ्याला आम्ही तिघं निघालो. मी सोबत म्हणून, आणि हे, आपलं काम तपासलं जाताना बघायला. पवनीच्या पुढं गेलो तसा वास सुटला. सायलेन्सर तापला, त्याच्यावरचं डांबर वितळलं आणि मागून निळा धूर. मोटारसायकलवाले शेजारी येऊन ओरडत, "ओ बाई, गाडी जळून राहिली!" सून ओरडून सांगे, "जळत नाई, डांबर हाय!" तो माणूस पुढं जाऊन पुन्हा वळून बघे. हे मागं माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पयल्या दिवशी वास येतेच."

पासिंगचं मैदान म्हणजे मोकळी जागा, कडेला ट्रक, टेम्पो, ऑटो ओळीनं. सकाळीच ऊन कडक. मृग लागला होता, पण आभाळात काही नव्हतं. तपासणारी साहेब बाई होती, खाकी कपड्यातली, वयानं माझ्या सुनेएवढी, हातात मोबाइल. सगळे तिला मॅडम म्हणत होते. आमचा नंबर आला. तिनं लाइट बघितले, हॉर्न वाजवून घेतला, इन्शुरन्स आणि पीयूसीचे कागद बघितले. मग ड्रायव्हरच्या पायापाशी वाकली.

"चेसिस नंबर दाखवा."

सुनेनं तिच्याकडं पाहिलं. तिला तो नंबर काय हेच माहीत नव्हतं. मागच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, "ताई, लोखंडावर ठोकलेला रायते, खालच्या पट्टीवर. तिथंच पाहा."

सून वाकली. मीही वाकले. सगळं काळं.

"हे काय लावलंय?" मॅडमनी बोट फिरवलं आणि बोटाकडं बघितलं.

हे पुढं झाले. छाती थोडी काढूनच. "डांबर हाय, बाई. गंज नाई लागत. चार साल पाहाचं काम नाई."

"ऑटोला डांबर?"

ओळीतून कोणी ओरडलं, "बुढ्याले ऑटो गोसीखुर्दात सोडाचा हाय वाट्टे!" दुसरा म्हणाला, "जाळं कुठं हाय, बाबाजी?" सगळे हसले. हेही हसले, कारण थट्टा त्यांना आवडते. मॅडम हसल्या नाहीत.

"बाबा, नंबर दिसल्याशिवाय मला पास करता येत नाही. गाडी हीच आहे हे मला कसं कळणार?"

"हीच हाय ना, बाई. माह्या सुनेची हाय. गावात कोनालेही विचारा."

"गाव इथं कुठं आहे, बाबा?"

बाई साधंच बोलल्या, त्यांना काय माहीत. पण हे मागं सरले. खिशातून रुमाल काढला आणि उगाच हात पुसू लागले.

सून म्हणाली, "मॅडम, शाळा उघडून राहिली. पुढली तारीख त्याच्यानंतरची हाय. पोरी हायेत माह्या गाडीत. पासिंग नाई झालं तर त्या घरी बसतीन."

मॅडमनी आमच्याकडं बघितलं, मग ओळीकडं. "मी इथं संध्याकाळपर्यंत आहे. साफ करून आणा, मी बघते. पण एक लक्षात ठेवा, खरवडायचं नाही. नंबरावर ओरखडा आला, आकडा बिघडला, तर मग गाडी माझ्या हातात राहत नाही. वेगळीच चौकशी लागते."

आम्ही ऑटो कडेला घेतला. मी म्हटलं, "अहो, तुमीच मारलं, तुमालेच काढता येईन." तर म्हणाले, "डोंग्याचं डांबर काढाचं नसते, बुढे. कधी काढलंच नाई."

एक ट्रकवाला, मोठ्या पोटाचा, हे सगळं बघत होता. तो आपल्या ट्रकमधून डिझेलची बाटली आणि चिंध्या घेऊन आला. वाकून पाहिलं आणि म्हणाला, "आजी, असं नाई जमाचं. वाकून हात नीट चालत नाई. गाडी आडवी करा लागन."

"आडवी तर करता येते," हे म्हणाले. अगदी हळू.

चार-पाच जण आले. मघाशी जाळं विचारणारा होता तोही आला. पोती नव्हती, ट्रकवाल्यानं ताडपत्री दिली. सगळे आपापल्या वेळेला जोर लावत होते, ऑटो हलेना. तेव्हा ह्यांनी डोंगा काठावर ओढताना देतात तशी हाक दिली, "हय्याऽ होऽ!" आवाज मोठा निघाला. माणसं दचकली आणि दुसऱ्या हाकेला सगळ्यांचे खांदे एकदम लागले. ऑटो अलगद कुशीवर आला. काळं पोट उन्हाकडं. जाळंवाला म्हणाला, "बाबाजी, अजून एकदा वराडा ना, मजा आली."

उन्हानं डांबर मऊ होऊ लागलं. हे मांडी घालून बसले आणि चिंधी डिझेलमध्ये बुडवून पुसू लागले. सून दुसरी चिंधी घेऊन त्यांच्या शेजारी बसली. एवढ्या वर्षांत ती ह्यांच्या इतक्या जवळ कधी बसली नव्हती. पदर घसरला तर मनगटानं वर करत होती, हात काळे झाले होते ना.

"तू नको, तुहे हात खराब होतीन."

"होऊ द्या, मामाजी."

थोड्या वेळानं हे म्हणाले, "माह्यापायी झालं हे, पोरी."

सून वर न बघता म्हणाली, "मामाजी, बोलू नका, पुसा."

मी तिकडं तोंड फिरवलं. हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, दोन्ही एकदम आलं तर माणसानं काय करावं? मी जाऊन नळाचं पाणी भरून आणलं.

चिंध्या काळ्या होऊन पडत होत्या. आधी पट्टीचं लोखंड दिसलं, मग एक इंग्रजी अक्षर, मग अजून दोन. सून मोठ्यानं वाचून दाखवत होती आणि हातातल्या कागदाशी जुळवत होती. ओळीतली दोन माणसं कामधंदा सोडून तिथं उभी राहून ऐकत होती. पण आकड्यांच्या खोलात डांबर बसलं होतं. ह्यांनीच बोटानं भरलेलं. चिंधी तिथं पोचेना आणि टोकदार काही लावायचं नव्हतं.

"ब्रश पायजे," ट्रकवाला म्हणाला आणि गेला. परत आला तर हातात दात घासायचा ब्रश.

मी म्हटलं, "जुना हाय का रोजचा?"

"आत्तापर्यंत रोजचा होता, आजी. आता जुना झाला."

त्या ब्रशनं ह्यांनी असं काम केलं की माझ्या मुलाचे दात त्यांनी कधी असे घासले असते तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. हळू, एका बाजूनं, डिझेल थोडं, पुन्हा हळू. घाम नाकावरून थेंब थेंब पडत होता आणि हे तो पुसत नव्हते. शेवटचे दोन आकडे काही केल्या दिसेनात. कागदावर एक आठ होता, लोखंडावर तो तीन आहे की आठ, कळेना. ऊन उतरायला लागलं. मैदानातल्या गाड्या एकेक करून निघून चालल्या होत्या.

मॅडम आमच्याकडं चालत आल्या. मोबाइलनं फोटो काढला, मोठा करून बघितला, मान हलवली. "हा आकडा स्पष्ट नाही. आणि काळ्यावर काळं."

ह्यांचा हात थांबला. ब्रश तसाच धरलेला.

सून उठली, ऑटोच्या सीटखालच्या कप्प्यात हात घातला. मुलं तिथं काहीबाही टाकून ठेवतात. चॉकलेटचे कागद, एक मोजा आणि खडूचा तुकडा निघाला. पोरी ऑटोच्या पाठीवर फुलं काढत आणि ती रागवत असे. तिनं तो खडू सगळ्या नंबरावर आडवा घासला आणि वरचं तळव्यानं पुसलं. खोलातलं पांढरं राहिलं. आठ होता. आठच होता. काळ्यावर पांढरं, पाटीवर लिहिल्यासारखं.

मॅडमनी कागदाशी एकेक अक्षर जुळवलं, मनातल्या मनात, ओठ हलवत. मग फोटो काढला. मग म्हणाल्या, "सरळ करा गाडी. ब्रेक बघायचे राहिलेत."

परत एकदा हाक झाली, ऑटो उभा राहिला. सुनेनं मैदानाला फेरी मारली आणि मॅडमनी हात वर केला तिथं कच्चकन थांबवला. हे माझ्या शेजारी उभे होते. ती वळली की हे खांदा वळवत, ती थांबली तसा ह्यांनी उजवा पाय जमिनीवर दाबला.

"झालं पास," मॅडम म्हणाल्या. "सर्टिफिकेट ऑनलाइन निघेल, काढून घ्या. सायलेन्सरवरचं डांबर मात्र मेकॅनिककडून साफ करा, बाकीचं राहू द्या." आणि जाता जाता ह्यांच्याकडं बघून, "गंज कुठंच नाही, बाबा. आज एवढ्या गाड्या बघितल्या मी."

हे ट्रकवाल्याला ब्रश परत द्यायला गेले, तर त्यानं हात जोडले.

नळावर दोघांनी मातीनं हात घासले, तरी नखं काळीच. मी डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी आम्ही सकाळपासून तशीच ठेवली होती. खाताना हे खाली बघून म्हणाले, "आता पुढल्या साली ऑटोले हात लावत नाई मी."

सूनबाईनं घास खाली ठेवला.

"काहून?"

"काहून म्हंजे?"

"मामाजी, पुढल्या साली पासिंग पुन्हा हायच. डांबर तुमीच मारजा. नाईतर गंजंल, मंग मी कोनाकडं जाऊ?" आणि मग, जरा थांबून, "बस, एवढी जागा सोडजा."

"कोनती?"

ती उठली. खडू अजून तिच्या मुठीतच होता. ड्रायव्हरच्या पायापाशी गुडघे टेकले आणि नंबराच्या भोवती चौकोन काढला. हे भाकरी हातात घेऊन तिच्यामागं वाकले. डोळे बारीक केले. मग आपली काळी वीत त्या चौकोनावर आडवी धरून बघितली.

"एवढीच ना?"

"एवढीच," ती म्हणाली.